मॅडम भरपूर पाणी पितात

शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प मॅडमनी पहिल्याच पानावर अडवला. विषय होता, मार्केट यार्डाजवळच्या एका गोदामात मिरची निवडणाऱ्या बायका. तिथे एकच संडास, त्याला कुलूप आणि किल्ली मालकाच्या खिशात. मी तीन वर्षं आमच्या संघटनेची पत्रकं लिहीत आले होते आणि आमचं पत्रक 'तुम्ही'नंच सुरू होतं. इथेही तसंच ठोकून दिलं: 'तुम्ही सकाळी आठला मिरचीच्या ढिगापुढे बसता. संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही, कारण जायला जागा नाही.'

"मी भरपूर पाणी पिते," मॅडम म्हणाल्या. "हे आपण कोणाला सांगताय?"

सोमवारपर्यंत पुन्हा लिहून आणा, नाहीतर सही करणार नाही, असंही त्यांनी सुनावलं. सही नाही म्हणजे वर्ष गेलं. वाघोलीच्या कॉलेजातून बसनं परतताना मी धुमसत होते. कूलरशेजारी बसून आम्हाला शिकवतात.

संघटनेत आमची एक रीत आहे. पत्रक ज्यांच्यासाठी, त्यांच्यातल्या एकाला ते छापण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवायचं. ते अडवतील ती ओळ काढायची, वाद घालायचा नाही. प्रकल्पाच्या वेळी मी हे टाळलं होतं. मार्क कॉलेज देणार, बायकांना कशाला वाचून दाखवायचं? आता मॅडमना खोटं पाडायचं म्हणून शनिवारी जेवणाच्या सुट्टीत गोदामाबाहेर गेले आणि तिथल्या सगळ्यात जुन्या मावशींना वाचून दाखवायला लागले. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी हात वर केला.

"पिते की मी पानी. मिरचीच्या खाटानं ठसका लागतो, न पिऊन मरू का? पिते अन् मग कळ सोसत बसते. पीत नाय म्हणून तुला कुणी सांगितलं?"

बाकीच्या हसल्या. कुणीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. 'तुम्ही' लिहिलं की विचारावं लागत नाही, सगळ्यांचं आपणच ठरवून मोकळं होता येतं. लाज वाटली. पण माझ्या लाजेनं ते कुलूप उघडणार नव्हतं. वही काढली आणि एकेकीला विचारत सुटले.

विश्रांतवाडीहून येणारी एक घरून निघताना चहासुद्धा घेत नाही. एकीनं समोरच्या दुकानवाल्या बाईंशी गोडीनं संधान बांधलंय, त्यांच्याकडच्या संडासात जाते. पाळी आली की दोघी कामावरच येत नाहीत. रविवारी सगळं नव्यानं लिहिलं, जिचं तिच्या तोंडून.

सोमवारी मॅडमनी उभ्यानंच वाचलं. शेवटच्या पानावर थांबल्या. तिथे एक 'तुम्ही' मी मुद्दाम ठेवला होता: 'किल्ली तुमच्या खिशात आहे. ती बायकांच्या हातात द्या.'

"हे कोणाला?"

"मालकाला. उद्या नेऊन देणार आहे."

मॅडमनी सही केली. "कॉलेजची प्रत देऊ नका त्याला," त्या म्हणाल्या, "झेरॉक्स काढा. आणि पोच घ्या."

मंगळवारी गेले. पोच द्यायला त्यानं नकार दिला. मग मी तिथेच, मिरचीच्या ढिगांमध्ये उभी राहून, त्याला ते पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली.