डावीकडचा चौथा बोल्ट

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मीनललाही नाही — आणि बायकोपासून एरवी माझं काही लपत नाही, ती चेहऱ्यावरून ओळखते. हे मात्र तिला इतक्या वर्षांत ओळखता आलेलं नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते मला नीटसं माहीत नाही.

२००४ साली आम्ही पुण्याहून फेल्डहोवन या डच गावी आलो. मी सॉफ्टवेअरवाला. शाळेत असताना एका जुन्या मासिकात मी एक इंग्लिश स्पोर्ट्स कार पाहिली होती — दोनच सीट, दारं नाहीत, लांब नाक, पुढची चाकं अंगाबाहेर. ते पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. इथे आल्यावर वाटलं, आता घेऊच. कसली घेतोय? कंपनीने ती बनवणं कधीच बंद केलं होतं, आणि ज्यांच्याकडे उरल्या होत्या ते विकायचं नावही काढत नव्हते.

"मग बनव," शेजारचा विम म्हणाला.

विम वयाने माझ्या बाबांएवढा. पण इथे सगळेच एकेरीवर, त्यामुळे मीही त्याला 'तो'च म्हणत आलो. चाळीस वर्षं लेथवर काम करून निवृत्त झालेला. किट कार म्हणजे काय हे त्यानेच मला समजावलं — इंग्लंडहून सांगाडा, पत्रे आणि फायबरचं नाक खोक्यांतून येतं, इंजिन एखाद्या अपघातातल्या गाडीचं काढायचं, बाकी सगळं आपण. खोकी त्याच्या गॅरेजमध्ये उतरली, कारण मला गॅरेजच नव्हतं.

त्या दीड वर्षाबद्दल किती सांगू? विम धातूवरून नुसतं बोट फिरवायचा आणि म्हणायचा, इथे केसभर जास्त आहे. मी माप लावून बघायचो — असायचं. दर वेळी असायचं. मी तोंडात बोट घालायचो आणि तो कॉफी ओतायला जायचा. शनिवारमागून शनिवार, लोखंडी नळ्यांच्या त्या सापळ्याची गाडी होत गेली. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी आयुष्यात जे काही बनवलं होतं ते पडद्यावर दिसायचं आणि वीज गेली की नाहीसं व्हायचं. हे समोर जमिनीवर उभं होतं, थरथरत होतं, त्याला पेट्रोलचा वास होता. विमने डोक्यावरची टोपी काढली, लोक चर्चमध्ये काढतात तशी. माझे डोळे भरून आले होते.

मी विषय टाळतोय का? टाळतोय.

विमचा एक नियम होता. बोल्ट टॉर्कच्या पान्याने आवळायचा, ठरलेला जोर बसला की पाना 'कट्' वाजतो, आणि मगच — मगच — त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारायची. रेघ दिसली की त्या बोल्टकडे पुन्हा बघायचं कारण नाही. आणि माझी सवय काय? ऑफिसच्या यादीत शुक्रवारी होणारं काम मी गुरुवारीच 'झालं' म्हणून टाकायचो. होणारच आहे ना, मग? एका शनिवारी, पुढचं डावं चाक सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यांच्या चारही बोल्टांवर मी आधीच रेघा ओढून घेतल्या, रंग हातात होता म्हणून. मग आवळायला घेतले. तीन झाले, आणि ऑफिसचा फोन आला. बोलून परत आलो तर चारही पिवळे दिसले. मी पुढच्या कामाला लागलो.

घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारी तपासणी लागते. तपासनिसाने गाडी वर उचलली, डावं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं — आणि ते हललं. त्याने वाकून पाहिलं. नट नुसत्या बोटांनी फिरला. मग पिवळ्या रेघेवर टॉर्च धरून त्याने विचारलं, "हा कोणी आवळला?"

मला फोन आठवला. तिसरा बोल्ट, फोन, सगळं लख्ख आठवलं. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी उघडलं नाही. पुढच्या चाकांचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं होतं, कुठला बोल्ट कोणाचा हे कुठे लिहिलेलं नव्हतं. विमने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्या हिवाळ्यापासून कप उचलताना त्याची बोटं किंचित थरथरायची.

"मी," तो म्हणाला. "मीच असणार. माझे हात आता पहिल्यासारखे राहिले नाहीत."

इतक्या सहज. चाळीस वर्षांचं नाव त्याने खाली ठेवून दिलं, नुसत्या शंकेवर. असं करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. आणि त्याच वेळी मला सुटल्यासारखं वाटलं. दोन्ही खरं आहे.

पंधरा दिवसांनी गाडी पास झाली. काय गाडी होती — रस्ता हाताला लागेल इतकं खाली बसायचं आणि समोर सगळं आभाळ. विम शेजारी बसायचा, पण चालवायला कधी तयार झाला नाही. टॉर्कचा पाना त्याने तपासणीच्या संध्याकाळीच मला देऊन टाकला होता.

पुढच्या वसंतात त्याला नात झाली. इथल्या रीतीप्रमाणे टोस्टवर गुलाबी बडीशेप घालून सगळ्यांना वाटली, सगळे गोल करून बसले. मुलीने बाळ विमपुढे धरलं. त्याने दोन्ही हात मागे घेतले आणि म्हणाला, नको, आजीकडे दे. लोक हसले.

मीनल माझ्या कानाशी म्हणाली, "अरे, विमकाका बाळाला हातच लावत नाहीयेत. काही झालंय का रे?"

"काय माहीत," मी म्हणालो.

विम त्यानंतर सहा वर्षं जगला. नात चालायला लागल्यावर तिचं बोट धरायचा, उचलून मात्र तिला त्याने एकदाही घेतलं नाही. दर शनिवारी मी त्याच्यासमोर बसून कॉफी प्यायलो. तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी त्याने दिलेला पाना घेऊन मी गाडीचा एकूण एक बोल्ट तपासला होता. विमने आवळलेला एकही सैल नव्हता. हेही मी त्याला सांगितलं नाही.