दादाची वीत

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून सांगायला धीर होतो आहे — का रोज सकाळी त्याच भिंतीकडे तोंड करून आंघोळ करायचा कंटाळा आला, म्हणून? ठाऊक नाही.

आधी घरचं सांगतो. अचलपूरजवळ आमचा पाऊण एकराचा मळा. वांगी, मेथी, पत्ताकोबी. आई पाटी घेऊन बाजारात बसायची आणि जे खपलं नाही ते आम्ही खायचो. कोबी उरली की तीन दिवस कोबी. एका उन्हाळ्यात विहीर आटली आणि आम्हा दोघा भावांपैकी एकाच्या शाळेचं संपलं. दादानं दप्तर खुंटीला अडकवलं आणि परतवाड्याच्या एका मिस्त्रीच्या हाताखाली कामाला गेला. नववीत होता. गणितात माझ्यापेक्षा हुशार होता — हेही मी कुठं बोललेलो नाही. मी गणिताचा मास्तर, कसं बोलणार?

मी बी.एस्सी. झालो, बी.एड. केलं. आमच्या घराण्यात पहिला. शहरात, राजापेठेत एका क्लासमध्ये शिकवतो, पोरं सर म्हणतात. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. लपवलं ते दुसरंच.

राजापेठेच्या मागच्या गल्लीत जुनं दोन खोल्यांचं घर घेतलं आणि नवं करायला काढलं. बाथरूम दादानं केलं. भिंतीतले पाइप, टाइल, सगळं त्याच्या एकट्याच्या हातचं. दर रविवारी अचलपूरहून एसटीनं यायचा. मोजायचा तो वितीनं. खिशात टेप असायचा, पण हात आधी भिंतीवर पडायचा.

मी त्या दिवसांत एक मल्टी-टूल मागवलं होतं. मुठीत मावणारी मशीन. तिचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी डावं-उजवं थरथरतं. चौकटीचं लाकूड खालून कापता येतं, टाइलच्या सांध्यातलं सिमेंट कोरून टाइल अख्खी काढता येते. दादानं ती हातात घेऊन उलटीपालटी केली. "हे काय, दाढी कराची मशीन हाय का, मास्तर?" बायको हसली. मी हसलो नाही. चौकटी मी खरंच छान कापल्या होत्या.

मग मला साबण ठेवायला भिंतीत कोनाडा हवासा वाटला. दादाला फोन केला. तो म्हणाला, रविवारी येतो, तवर हात लावू नको. मी विचारलं, आडवा पाइप कुठून गेला एवढं सांग. "फरशीपासून पाच वीत. पण थांब ना बावा."

थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

वीत म्हणजे नऊ इंच. पुस्तकात आहे, मी फळ्यावर हजारदा लिहिलं आहे. पाच नवे पंचेचाळीस. मी बेचाळीसच्या खालीच कापणार होतो, म्हणजे तीन इंचांची मोकळीक धरली होती. टाइल सुटी केली, मागच्या गिलाव्यात पातं घातलं. चाळीसवर मशीनचा आवाज बदलला, आणि मनगटावर गार पाणी आलं.

दादाचा पंजा लहान आहे. त्याची वीत आठ इंचांची. ज्या हातानं लहानपणी मला बाजारातून घरी आणलं, तो केवढा आहे हे मला माहीत नव्हतं.

गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला. मळून लावायच्या सीलनं चीर बुजवली, सिमेंट भरलं, उरलेल्यातली एक टाइल लावली, सांधा पुसून काढला. रविवारी दादाला सांगितलं, कोनाडा राहू दिला, एक टाइल तडकली होती ती बदलली. त्यानं सांध्यावरून बोट फिरवलं. "चांगला भरला बे. शिकला तू." तेव्हाच सांगता आलं असतं. तो रागावला नसता, वर्षभर चिडवलं असतं फक्त. पण मला ते शाबासकीचं बोट आवडलं — हे खरं आहे, सांगतो.

तीन महिन्यांनी आमचे क्लासवाले सर घरी आले. त्यांना मुलांसाठी हॉस्टेल बांधायचं होतं, अठरा बाथरूमांचं काम. मीच दादाचं नाव सुचवलं होतं, म्हणून आधी त्याचं काम पाहायला आले. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सरांनी बाथरूम पाहिलं, खूश झाले. मग बैठकीत बसले, आणि त्यांच्या मागच्या भिंतीला ओल आली होती. थाळीएवढी. त्याच पाइपाच्या मागे.

"ही ओल कशाची?" सरांनी विचारलं. माझ्याकडे पाहून विचारलं.

मी काय केलं? चहाचा कप उचलला.

दादा उठला. भिंतीवर तळहात ठेवून पाहिला. मग म्हणाला, "माह्याच हातची चूक असन, सर. जोड ढिला राह्यला असन."

काम दुसऱ्याला गेलं.

दादा पुढच्या रविवारी भिंत फोडून पाहणार होता. त्याआधीच, बुधवारी, मी राजापेठेतला एक प्लंबर बोलावला. त्यानं पाइपाचा तुकडा कापून माझ्या हातात दिला. "हे गळणं नाही साहेब, पात्यानं कापलं हाय." सरळ, स्वच्छ चीर होती. तुकडा मी क्लासला जाताना वाटेत फेकला. दादाला फोनवर सांगितलं, जोडच होता.

म्हणजे सरांसमोर घाबरून गप्प बसलो, आणि दादाशी ठरवून खोटं बोललो. या दुसऱ्या गोष्टीला नाव काय द्यायचं?

त्यानंतर दादानं पाण्याच्या लायनीचं काम सोडलं. आता फक्त फरशा बसवतो. कोणी विचारलं तर म्हणतो, पाण्याचं काम आपल्या हाताले नाही जमत. आईसमोर म्हणतो, माझ्या पोरांसमोर म्हणतो. मी ताटात खाली पाहतो. घरी आला की हातपाय धुवायला आत जातो आणि आधी त्या भिंतीला तळहात लावून पाहतो, कोरडी आहे ना. मी बाहेर टॉवेल घेऊन उभा असतो. दार उघडंच असतं. सांगायला एक वाक्य पुरे आहे. ते मी सहा वर्षं तोंडात घेऊन उभा आहे, आणि दर वर्षी ते जड होत जातं, कारण दर वर्षी त्यात एक वर्षाचं गप्प बसणं मिसळतं.

मशीन माळ्यावर आहे. विकली नाही.

यंदा दिवाळीआधी घर पूर्ण झालं. वर एक खोली बांधली, रंग झाला, कुठं थेंब गळत नाही. दारावर संगमरवरी पाटी लावली आहे. तिच्यावर माझं नाव आहे, पुढे बी.एस्सी., बी.एड. ती दादानं बसवली.