फाटकावरचे चंपतराव

चंपतरावांचं काय होईल, हा विचार मेघाच्या डोक्यातून काही केल्या जाईना. नातं ना गोतं, एका रविवारी भेटलेला माणूस. पण सोमवारी फोडणी देताना, मंगळवारी गुंजनची वेणी घालताना तिच्या डोळ्यांपुढे तेच यायचं: काठीने पुढची पायरी चाचपत नदीकडे उतरणारे चंपतराव.

कामठीच्या पुढे, कन्हानच्या काठी पक्ष्यांसाठी राखलेलं एक छोटंसं रान आहे. मेघा, तिचा नवरा धर्मेंद्र आणि सहा वर्षांची गुंजन तिथे रोडग्यांचा बेत करून गेले होते. कणीक, वांगी, तूप, आणि डिक्कीत पोतंभर गोवऱ्या. नदीकाठ म्हटला की गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायचे, एवढंच त्यांना ठाऊक. राखीव रानात आग चालत नाही, हे कुणाच्या मनातच आलं नाही. फाटकावरच्या म्हाताऱ्या चौकीदाराने डिक्की उघडायच्या आधीच ओळखलं.

"गोवऱ्या हायेत न जी? आतमंदी नाही जमणार. फाटकाबाहेर, माह्या खोलीपाशी भाजा. वांगे झाले का मले आवाज द्या."

ते चंपतराव. तरुणपणी याच नदीच्या वाळूत ते डांगरं-टरबुजं लावायचे आणि बैलगाडीने कळमन्याच्या बाजारात न्यायचे. पुढे वाळूच उपसली गेली, वाडी मोडली. गेली बारा वर्षं ते इथे रोजंदारीवर चौकीदार होते. बायको वारली, लेक हर्षा सावनेरला दिलेली. गोवऱ्यांच्या राखेत रोडगे फुलेपर्यंत त्यांनी हे सगळं सांगितलं. मधूनच बोट वर करायचे आणि झाडाकडे न बघता कोणता पक्षी बोलतोय ते सांगायचे. धर्मेंद्र तर हरखूनच गेला होता.

जेवणं झाली. मेघा भांडी आवरून वळली, तर गुंजन नाही. ती फाटकातून आत धावली. चंपतराव नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभे होते, तोंड नदीकडे. पोर इकडे आली का, तिने विचारलं.

"कोनी नाही जी इकडं. मी पाहूनच राहिलो न."

त्यांच्या समोर, दहा पावलांवर, पाण्यातल्या खडकावर गुंजन पिवळ्या फ्रॉकमध्ये उकिडवी बसली होती.

मेघा ओरडली तसे चंपतराव काठीने पुढची पायरी चाचपत खाली उतरू लागले, पण त्यांच्या आधीच धर्मेंद्रने धावत जाऊन गुंजनला उचलून आणलं. आधी तो मुलीवर रागावला, मग चंपतरावांवर. वरच्या साहेबांना कळवतो म्हणाला. म्हातारा हात जोडून उभा राहिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दीड वर्षापासून, म्हणाला. आपलंही लक्ष नव्हतं, हे मेघाला कबूल होतं. तिने हळूच विचारलं, "मग ऑपरेशन काहून नाही केलं, काका?"

"महिनाभर घरी बसाव लागते, ताई. रोजंदारीची जागा महिनाभर कोन राखते? आन् पोरीले समजलं तं ते मले सावनेरले नेऊन खाटेवर बसवन."

निघताना त्यांनी मेघाचा फोन मागितला. लेकीशी रविवारी बोलायचा नेम, आणि त्यांच्या फोनला रेंज नव्हती. नंबर त्यांना तोंडपाठ होता, लावून मात्र मेघाने दिला.

"डोये? मस्त हायेत वं. तू फिकर नोको करू," ते म्हणाले, आणि मेघाकडे पाठ फिरवली.

गाडीत धर्मेंद्र म्हणाला, गुरुवारपर्यंत तुला काही सुचलं तर बघ, नाहीतर मी साहेबांना फोन करतो. उद्या दुसऱ्या कुणाचं लेकरू पाण्यात गेलं तर?

त्याचं चुकत नव्हतं, हीच अडचण होती. साहेबांना सांगावं तर म्हाताऱ्याची जागा जाणार. गप्प बसावं तर येत्या रविवारी पुन्हा तीच नदी, तोच खडक.

बुधवारी गुंजनला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवून मेघा घरात आली. चहा निवून गेला तरी ती तशीच बसून होती. महिनाभर फाटकावर उभं राहायला चंपतरावांच्या घरातलं कुणी मिळालं, तर डोळेही होतील आणि जागाही राहील. पण हे बोलायचं कुणाशी? ज्या लेकीपासून ते सगळं लपवतात, तिच्याशीच. चंपतराव म्हणतील, विश्वास ठेवला आणि बाईने चुगली केली. म्हणू देत. पण आधी हर्षाकडून शब्द घ्यायचा, बाबांना नदीवरून कायमचं उठवायचं नाही म्हणून.

तिने रविवारचा तो नंबर शोधला आणि हर्षाला फोन लावला.