पुण्याऐवजी कुडाळ

एका हुशार मुलीच्या शिष्यवृत्तीच्या कार्डावर मी भलत्याच कॉलेजांची नावं लिहिली. चुकून नव्हे, मुद्दाम. आणि वर सुंदर अक्षरात! तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते, मालवणात शाळेत शिकवत होते, आणि माणसाच्या मनातलं आपल्याला कळतं असा माझा पक्का समज होता. आता नातवंडं दिवसातून तीनदा मला खोटं पाडतात, तेव्हा कुठे तो उतरला.

पण मला सांगायचंय ते त्या मुलीच्या आईबद्दल. आमच्या आळीत ती मासळी विकायला यायची. पाटी टेकवायच्या आधीच एक बांगडा उचलून त्याचा कल्ला माझ्या नाकासमोर उघडायची. "बघा, बाईनू! कालचो असात तर माका फटको मारा." भाव पाडायला कुणी गेलं की तिचा आवाज थेट बंदरापर्यंत. आता ती नाही. मासळी स्कूटरवरून येते आणि विकणारा मोबाईलवर बोलत असतो.

पोलीस असो की तलाठी, ती कुणाला भ्यायली नाही. भ्यायची ती फक्त कागदाला. विजेचं बिलसुद्धा खेकडा धरावा तसं चिमटीत धरून माझ्याकडे वाचायला आणायची. म्हणायची, "तोंडातला परत गिळूक येता, बाईनू. कागदावरचा नाय."

तर तिची मुलगी बारावीला होती. मुंबईच्या एका ट्रस्टच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी ती पात्र ठरली आणि घरी छापील कार्ड आलं. त्यावर दोन कॉलेजांची नावं लिहायची होती. ट्रस्ट त्या दोनच कॉलेजांना कळवणार, आणि फी नि वसतिगृहाची सोय तिथेच होणार. खाली ठळक ओळ होती : नंतर बदल होणार नाही.

दोघी माझ्या पडवीत आल्या. "तुमच्या अक्षरान लिवा," आई म्हणाली. मुलीने पुण्यातल्या दोन कॉलेजांची नावं सांगितली. आईने पदराचं टोक दातात धरलं.

"पुण्याक कोण आसा गो आपला?"

"मी आसंय ना!" मुलगी म्हणाली.

"ठेवून जा, सावकाश वळणदार लिहिते," मी म्हटलं. आईने खाली अंगठा उठवला, त्या गेल्या आणि मला तो दातातला पदर काही दिसायचा थांबेना. पोर परत आलीच नाही तर? तिथे आजारी पडली, तर पत्र या बाईला वाचून कोण दाखवणार? घाबरायला सुरुवात तिने केली होती, पुढचं सगळं मी घाबरले. मग दौत काढून झोकदार अक्षरात लिहिलं : एक कुडाळचं कॉलेज, एक सावंतवाडीचं. दुपारी पोस्टाच्या पेटीत टाकूनही आले. एका आईचं मन राखलं म्हणून त्या दिवशी दोन वाट्या आमटी जास्त जेवले!

दुसऱ्या दिवशी ती आली ती पाटीतली सगळ्यात मोठी इसवण घेऊन. पैसे घेईना.

"बाईनू, देवळात कौल लावलंय. उजवो दिल्यान!"

आमच्याकडे गुरव देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवतो आणि आपण प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी पडली की देवाचा होकार.

"माका भंय वाटता," ती म्हणाली. "पण देवान सांगितल्यान. धाडूया चेडवाक पुण्याक."

तुम्हीच सांगा, हातात इसवण धरून माणसाने कबुली कशी द्यावी? दिली. आता ती अख्खी आळी गोळा करणार म्हणून मी डोळे मिटले. ती ओरडली नाही. पायरीवर बसली आणि हळूच विचारलं, "पेटयेत टाकलास?"

पोस्टात गेलो. थैली आदल्या दिवशीच रवाना झाली होती. मी ट्रस्टला पत्र लिहिते म्हटलं, तर तिने माझा हातच धरला. "कागदाच्या पाठी कागद नको. माणसां जाऊया."

कणकवलीपलीकडे ती कधी गेली नव्हती. दुसऱ्या सकाळी कुडाळला आम्ही तिघी मुंबईच्या गाडीत बसलो. कमरेएवढ्या लाटेत शिरून होडीतून पाटी उतरवून घेणारी ही बाई, प्रत्येक बोगद्यात माझं मनगट आवळायची. आईकडून सगळं कळलेली मुलगी समोर बसून थेट ठाण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती. कार्ड पोचून त्याची नोंद झाली असेल तर या पोरीच्या नजरेला नजर कशी द्यायची, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

ट्रस्टच्या कारकुनाने गठ्ठा उलटापालटा केला. आत गेला. बराच वेळ बाहेर येईना. आला तो म्हणाला, "या नावाचं कार्ड अजून आलेलं नाही."

आम्ही कार्डाच्या आधी पोचलो होतो! त्याने नवं कार्ड दिलं आणि जुनं आलं तर रद्द समजावं, अशी नोंद केली. पेन मी घेणार तोच मुलीने घेतलं आणि आपल्या किरट्या अक्षरात पुण्याची दोन्ही नावं लिहिली. आईने खाली अंगठा उठवला.

जिन्यात मी तिला म्हटलं, "चुकलं माझं. तुझी भीती बघवेना गो मला."

शाईचा अंगठा भिंतीला पुसत ती म्हणाली, "घाबरूचा काम माझा होता, बाईनू. तुमचा काम लिवचा."