काकांचे तरंग

माझ्या मावशीच्या यजमानांइतका सालस आणि तरीही शेजाऱ्यांना धडकी भरवणारा माणूस अख्ख्या विश्रांतवाडीत दुसरा नसेल. नोकरीसाठी मी वर्ध्याहून पुण्यात आले ती या दोघांच्याच घरी राहिले, म्हणून हे अधिकाराने सांगते. काकांनी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि मग ते निवृत्त झाले. पण ती बातमी त्यांच्या स्वतःपर्यंत कधी पोचलीच नाही. त्यातही उष्णता, चुंबक, भिंगं हे सगळे धडे त्यांना सावत्र. सख्खा धडा एकच, तरंगांचे प्रकार. शेजारच्या वहिनी गच्चीत कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा काकांनी दोरीचं एक टोक सोडवून हातात घेतलं. "बघा वहिनी, तरंग पुढे जातो, दोरी मात्र जागच्या जागी वर-खाली होते. हा अवतरंग!" असं म्हणत त्यांनी असा काही झटका दिला की तरंग पुढे गेलाच, पण त्याच्याबरोबर एक परकर कठड्यावरून खाली कुणाच्या तरी गाडीवर जाऊन पडला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "कळलं, सर. आता खाली जाऊन उदाहरण घेऊन या."

अनुतरंगाचं प्रात्यक्षिक त्यांनी बसच्या रांगेत केलं. सगळ्यांच्या मागे उभं राहून पुढच्या गृहस्थांना हलकेच ढकललं. ते पुढच्यावर झुकले, तो त्याच्या पुढच्यावर, आणि धक्का थेट पहिल्या नंबरच्या आजोबांपर्यंत पोचला. "कोण आहे तो गाढव?" आजोबा कडाडले. काकांनी आनंदाने हात वर केला. "मी! पण बघा, मी जागेवरच आहे, धक्का तेवढा तुमच्याकडे आला. हवेतून आवाज असाच जातो!" आजोबांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, "घरी कुणी ऐकत नाही वाटतं?"

माणसांचीही सुटका नव्हती. माझं लग्न मी स्वतःच ठरवलं तेव्हा ते आईला सांगायचा धीर होईना, म्हणून मी मावशीला पुढे केलं. काका म्हणाले, "तू यांत्रिक तरंग आहेस पोरी. माध्यमाशिवाय हलत नाहीस. सूर्याचा प्रकाश बघ, मधे काही नसलं तरी पोचतो." सोसायटीच्या बैठकीला ते स्थिर तरंग म्हणत: हालचाल भरपूर, पुढे काहीच सरकत नाही. हे त्यांनी बैठकीत, अध्यक्षांच्या तोंडावर सांगितलं.

या सगळ्यावर मावशी फक्त हसायची. तिचा स्वतःचा मुलूख वेगळा होता. आमच्या गल्लीतल्या विहारात दर पौर्णिमेला बुद्धवंदना तीच सांगायची. काय आवाज होता! ती एक ओळ म्हणायची, मागून सगळे म्हणायचे, आणि काका शेवटच्या रांगेत मांडी घालून, एकाही तरंगाचं नाव न काढता, ऐकत बसायचे.

मग मावशीचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. यंत्र आणलं, पण त्यातून तिला माणसांपेक्षा भांडीच जास्त ऐकू यायची. तिने ते कपाटात ठेवून दिलं. एका पौर्णिमेला वंदनेत तिचा सूर भलतीकडे गेला. पुढच्या रांगेतल्या दोन मुलींनी एकमेकींकडे पाहून ओठ दाबले. मावशीने ते पाहिलं. वंदना पुरी करून ती घरी आली आणि पुन्हा विहारात गेली नाही.

काकांना हे सहन होईना. ते तिच्याशी ओरडून बोलायला लागले. आमच्या घरात आज कोणती भाजी आहे हे पार नाक्यापर्यंत कळू लागलं. एका दुपारी जेवताना ते असेच ओरडले, "अगं, आज तरी येशील का विहारात?" मावशीने घास खाली ठेवला. "अहो, ओरडू नका हो. तुम्ही ओरडता तेव्हा तुमचा चेहरा रागावल्यासारखा होतो. आवाज मला येतच नाही. राग तेवढा पोचतो."

काकांचा चेहरा पडला. पुढे कितीतरी दिवस त्यांनी कुणालाही काही शिकवलं नाही. गच्चीवरच्या वहिनीसुद्धा मला विचारून गेल्या, "सर बरे आहेत ना?"

मग एका सकाळी ते मावशीसमोर येऊन बसले. शाळेतून आणलेला जुना नादकाटा, तो दोन दांड्यांचा पोलादी चिमटा, त्यांनी गुडघ्यावर आपटला आणि त्याचं बूड अलगद तिच्या कानामागच्या हाडाला टेकवलं. आवाज हवेतूनच जायला हवा असं थोडंच आहे? हाडातूनही जातो. मावशी दचकली. मग तिने काकांचं मनगट घट्ट धरलं. "अहो, वाजतंय!"

"परत?" काकांनी ओठांनीच विचारलं. त्यांना ओरडायचं नव्हतं.

त्या दिवसापासून माळ्यावरची बाजाची पेटी खाली आली. काका भाता हलवून एकच सूर धरायचे. मावशी कोपर पेटीच्या लाकडावर टेकवून मूठ कानामागे दाबायची आणि तो सूर शोधायची. काकांना पेटी येत नव्हती, मावशीला नीट ऐकू येत नव्हतं. त्या दोघांनी मिळून जे काही काढलं त्याला संगीत म्हणणं कठीण होतं. शेजारच्या वहिनींनी मात्र एकदाही तक्रार केली नाही. त्या वेळी दार उघडं ठेवून भाजी निवडत बसायच्या.

बुद्ध पौर्णिमेला मावशी विहारात गेली. पेटी उचलून काका मागोमाग. पांढऱ्या साडीतली मावशी, पेटीवर कोपर, कानामागे मूठ. पहिली ओळ नीट लागली. मधेच एका ओळीत सूर खाली घसरला, आणि काकांनी डोळे मिटून घेतले. पण मागच्या बायका तिच्याबरोबर खाली आल्या. सगळ्याच्या सगळ्या. त्या दोन मुलीसुद्धा. मावशीला ते कळलं की नाही, कोण जाणे. ती शांतपणे पुढची ओळ म्हणत राहिली.

यंदा दोघं नागपूरला मुलाकडे राहायला गेले. विहारात वंदना आता दुसऱ्या बाई सांगतात, चांगली सांगतात. रविवारी काकांचा फोन येतो. मी विचारते, "मावशी गाते का हो?"

"रोज गाते. हल्ली जरा जास्तच बेसूर होते."

"मग?"

"मग काय?" काका म्हणतात, "मी शेजारीच बसलेला असतो."