डीपी जळाली तेव्हाचं पाणी

खर्ड्याकडच्या एका गावात भागिरथीबाई राखीव जागेवर पंचायतीत निवडून आली, तेव्हा जुन्या मेंबरांना वाटलं, बाई येईल, सही करील, चहा पिऊन जाईल. कसलं काय! पाझर तलावाचं पाणी झिरपून जातं ते नेमकं कुठं, डोंगरावर चर खोदले तर खालची विहीर भरायला किती दिवस लागतात, असलं विचारून विचारून तिनं ग्रामसेवकाला भंडावून सोडलं.

गावानं ठराव केला होता. दसऱ्यानंतर ओढ्याकाठच्या विहिरी मोजायच्या. बारा हात पाणी असलं तर कांदा लावायचा. कमी असलं तर मोटारी बंद, पाणी फक्त माणसांना नि जनावरांना. मोजायचं काम साहजिकच हिच्या गळ्यात पडलं. हाताहातावर गाठ मारलेली दोरी आणि टोकाला दगड, एवढंच काय ते यंत्र.

पाणी निघालं तेरा हात! भागिरथी हरखली. कांदा झाला तर तिला नि नवऱ्याला, सोपानला, औंदा ऊस तोडायला जावं लागणार नव्हतं. सोपाननं तर रोपसुद्धा टाकलं.

आकडा कागदावर गेला, ग्रामसभेची दवंडी झाली. पण बाईला चैन कुठलं? एवढं पाणी आलं कुठून, म्हणून सभेच्या सकाळी तिनं पुन्हा दोरी सोडली. आठच गाठी भिजल्या. दुसरी विहीर पाहिली, तिथंही आठ. मग तिच्या ध्यानात आलं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा ओढ्यावरची डीपी, म्हणजे मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळालेली होती. दहा दिवस एकही मोटार चालली नव्हती, म्हणून विहिरी तुंबल्या होत्या. नवी डीपी बसून चारच दिवस झाले होते, नि पाणी पार खाली गेलं होतं.

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मोह तिलाही झालाच. पण सभेत ती उठली.

"माझं मोजणं चुकलं," ती म्हणाली. "पानी आठच हात हाय."

मग जो गोंधळ झाला तो काय सांगावा. रोपं टाकलेले सगळे तिच्यावर तुटून पडले. शेवटी सरपंच गोरक्षनाथांनी ठराव वाचून दाखवला आणि मोटारी बंद झाल्या. आता दर पंधरा दिवसांनी विहिरी मोजायच्या होत्या. बाई ऊसतोडीला गेली तर मोजणार कोण, असं त्यांनी विचारलं.

सोपान मघापासून मान खाली घालून दाराशी बसला होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा, मजुरी अर्धी, भाकरीही त्यानंच थापायची.

"ती ऱ्हाईल हितं," सोपान म्हणाला. "मी अर्धा कोयता जातो."

भागिरथीला भर सभेत रडू फुटलं.