कॅसेट सरांशी घातलेली हुज्जत

कॅसेट सरांच्या खिशात पेन नसायचं. एक कॅसेट असायची आणि तिची बाहेर आलेली फीत गुंडाळायला पेन्सिल. शाळेत इंग्रजी शिकवायचे, लग्नसराईत गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. जीव मात्र साठच्या दशकातल्या विलायती रॉक बँडांवर. "ते लोक म्हातारे झाले, गाणी नाही झाली," हे भेटेल त्याला ऐकवत. पाचूबंदरला, आमच्या कोळीवाड्यात, ऐकून घेणारं कोण होतं म्हणा!

मी होते, तीही गरजेपोटी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि पहिल्याच वर्षी इंग्रजीत नापास. बाबा म्हणाले, "आनखी एकदा बस. नाय जमलं तर आईसंगं मासळीची टोपली घे."

पुस्तक घेऊन सरांकडे शिकवणीला गेले, तर त्यांनी ते मिटायलाच लावलं. कॅसेट ऐकवली नि म्हणाले, "ही गाणी आज टिकलीत का? दहा ओळी लिही." मी दहाही ओळींत वाहवा केली. शिक्षकांना आणखी काय लिहायचं? त्यांनी वही परत दिली. "बाय, हे तर माझं मत. तुझं कुठंय? नावं ठेव माझ्या बँडांना, पण इंग्रजीत ठेव!"

मग काय, ठेवली. हे गाणं उगाच लांबतं. तो गायक बायकोला मोलकरीण समजतो. अमक्याची गिटार म्हणजे बिघडलेल्या होडीचं इंजिन. सर चिडायचे, पण आधी क्रियापद सुधारायचे, मग भांडायचे.

मावसभावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी, म्हणजे आमचं उंबराचं पाणी, आणायला बायका बँडसकट विहिरीवर निघाल्या. मी 'मेलेलं' ठरवलेलं गाणं सरांनी नेमकं ट्रम्पेटवर काढलं. इंग्रजीचं अक्षर न कळणारी माझी आजी कमरेवर कळशी घेऊन नाचली. सर ओरडले, "लिही आता!"

मी लिहिलं: चाल जिवंत आहे, शब्द मेलेत, म्हणून ते ट्रम्पेटवरच शोभतं. सर म्हणाले, "तीस वर्षं ऐकतोय गं. हे मला नाही सुचलं."

परीक्षेत निबंध आला तेव्हा तपासणाऱ्याला काय आवडेल याचा विचारच केला नाही. पास झाले. बाबांनी टोपलीचं नाव पुन्हा काढलं नाही.

पदवी हाती आली तेव्हा सर या जगात नव्हते. आज ऑफिसात साहेबांना "मला पटत नाही" म्हणताना माझा आवाज कापत नाही, हे त्यांचंच देणं. त्यांचे निम्मे बँड टिकले नाहीत, असं माझं अजूनही मत आहे. ते खोडून काढायला सर हवे होते.